शंभरापैकी शून्य

मी एक जुना टकटक्या आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे.

तुमच्या निबंधाच्या वहीत छत्री रडते, पाटी हळहळते, म्हातारा बैल उसासे टाकतो. त्यांचं दुःख खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मला रडू येत नाही, संताप येतो. तो माझ्या पोटात एकोणीसशे तेरा सालापासून आहे. आज सत्तेचाळीस उजाडलं, तरी कमी व्हायचं नाव घेत नाही. तेव्हा ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल उठून जावं.

बसलात? बरं. मग आधी मी कसा दिसतो ते ऐका. मी एक निमुळती लाकडी पेटी आहे, हातभरही उंच नाही. समोर एक लोखंडी काठी आहे आणि तिच्यावर खालीवर सरकणारं वजन आहे. किल्ली दिली की काठी इकडून तिकडे झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याला 'टक' असा ठोका पडतो. वजन वर सरकवलं की ठोके सावकाश पडतात, खाली आणलं की घाईनं. वाद्य शिकणाऱ्यांचा ताल चुकू नये एवढ्याचसाठी मला घडवलं. जन्म जर्मनीतला. बोटीनं मुंबईला आलो, आगगाडीनं बेळगावला आलो आणि कॅम्पातल्या एका गोऱ्या कप्तानाच्या बायकोच्या पियानोवर आठ वर्षं उभा राहिलो. बाई बेताल वाजवायची आणि दोष मला द्यायची. नाचता येईना अंगण वाकडं! पण तिनं कुणाचं नुकसान केलं नाही. पुढे जे घडलं त्याच्याशी ताडून बघतो, तेव्हा ती बाई मला देवमाणूस वाटते.

कप्तानाची बदली झाली, सामानाचा लिलाव झाला आणि मला मारुतीरावांनी घेतलं. बेळगावात मास्तर तयार करणारी एक शाळा होती. तिचं नाव सांगत नाही. तिथं मारुतीराव मानसशास्त्र शिकवत. शिकाऊ मास्तरांना हात बसवायला मुलं लागतात, म्हणून शाळेला लागूनच एक छोटी शाळा होती. आजूबाजूची पोरं तिथं फुकट शिकत. मारुतीरावांना गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, की जर्मनीत पंडित लोक माझ्यासारख्या पेटीचे ठोके ऐकवून माणसाचं मन तपासतात. मला छातीशी धरून ते कॅम्पातून घरापर्यंत चालत आले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "मन मोजायचं यंत्र मिळालं." मी तेव्हा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू!

मारुतीराव वाईट माणूस नव्हते. हेच तर मला जास्त टोचतं. व्यसन नाही, लबाडी नाही, मुलांवर आवाज चढवणं नाही. फक्त अधूनमधून मुंबईहून पुस्तकांचं पार्सल यायचं आणि त्यातलं वरचं पुस्तक सांगेल तो त्यांचा धर्म व्हायचा. मनाच्या शास्त्रात संप्रदाय फार आहेत, मित्रांनो, आणि आमच्या मास्तरांनी एकेकाची दीक्षा घेतली. सगळ्यांची पूजा मात्र माझ्यावरच झाली.

त्या छोट्या शाळेत राजी नावाची मुलगी होती. नऊ वर्षांची, तिसरीत. रेल्वेचं फाटक ओलांडून रोज शहापुराहून यायची. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे, पण पोरीला संस्थानाचं काय? अनवाणी यायची आणि वेळेवर यायची. बाप तम्मण्णा विणकर, आई बायाक्का रहाटावर सुताच्या कांड्या भरणारी. राजीला मास्तरीण व्हायचं होतं. तम्मण्णाला ते फारसं पटत नव्हतं, पण तो अडून बसला नव्हता. त्यानं शाळेत येऊन मारुतीरावांना सांगितलं होतं, की पोरीला डोस्कं हाय असं तुम्ही म्हणालात तर शिकू दे, न्हाय म्हणालात तर रहाटावर बसंल. म्हणजे सगळं मास्तरांच्या शब्दावर आलं. शाळेचा नियमही तसाच होता. ज्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा पडेल, त्याला चौथीत घेत नसत.

मास्तरांचा पहिला संप्रदाय असा, की मन म्हणजे तुकड्या-तुकड्यांची गोधडी. एकेक तुकडा उसवायचा, वेगळा करून बघायचा. पण तो दिसणार कसा? तर ज्याचं मन त्यानंच आत डोकावून सांगायचं. याला ते अंतर्निरीक्षण म्हणत. शब्दच असा, की उच्चारतानाच नऊ वर्षांच्या पोरीला धाप लागावी. राजीला स्टुलावर बसवलं, मला किल्ली दिली. ठोका ऐकून मनात काय उमटतं ते सांग, असं मास्तर म्हणाले. राजीनं डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "धोटा गेला."

धोटा ठाऊक आहे ना? मागावर आडवा धागा घेऊन या कडेकडून त्या कडेला पळतो तो. तो गेला की विणकर फणी ओढतो, फणी धागा ठोकून बसवते, खट असा आवाज होतो. मग पुन्हा धोटा, पुन्हा फणी. राजी त्या आवाजात जन्मली, त्याच आवाजात रांगली.

मास्तरांनी मान हलवली. वस्तूचं नाव सांगू नकोस, म्हणाले, संवेदना सांग. ताण वाटतो की सैल वाटतं, सुख वाटतं की असुख? राजीनं पुन्हा मन लावून ऐकलं. म्हणाली, धोटा गेला, आता फणी येईल. असं चार वेळा झालं. त्या संप्रदायात वस्तूचं नाव घेणं ही सगळ्यांत मोठी चूक. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'अंतर्निरीक्षणास अपात्र.'

अहो, पण तिच्या मनात तेच होतं! आत बघ म्हणालात, तिनं बघितलं. जे दिसलं ते सांगितलं. जर्मन पंडिताच्या मनात काय उमटतं ते शहापूरच्या विणकराच्या पोरीनं कुठून आणावं? मी त्या दिवशी मनातल्या मनात इतका भडकलो, की एखादा ठोका चुकेल असं मला वाटलं. चुकला नाही. आम्हा यंत्रांचं हेच वाईट. राग आला तरी काम नेमकंच करतो.

पुढच्या साली पार्सल आलं आणि धर्म पालटला. मन कशाचं बनलंय हे विचारू नका, मन काय कामाचं आहे ते बघा, असं नवं पुस्तक म्हणत होतं. माणूस जगाशी कसा जुळवून घेतो, कुणाला ते लवकर जमतं, कुणाला उशिरा, याची परीक्षा घ्या. ऐकायला किती शहाणपणाचं! मीही म्हटलं, आता राजीचं नशीब उघडलं. मास्तरांनी परीक्षा बसवली ती अशी. मी शंभर ठोके द्यायचे आणि मुलानं प्रत्येक ठोक्याबरोबर बोटानं पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारायची. जितक्या टिचक्या ठोक्यावर पडतील, तितके गुण.

परीक्षेच्या आधी मास्तर कागद आणायला बाहेर गेले होते. राजी नुसतीच हात बसवून बघत होती. शेजारी चंपा नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "अगं ठोक्यावर मार की. तू मधीच मारालीस."

राजी म्हणाली, "ठोक्यावर हात घातला तर बोट जातंय. आमच्या थोरल्या आण्णाचं गेलंय."

मित्रांनो, हे एक वाक्य नीट ऐका, कारण ते माझ्याशिवाय त्या शाळेत कुणी ऐकलं नाही. विणकराची पोरं चार-पाच वर्षांची झाली की मागाच्या कडेला बसतात. धाग्यावर आलेली गाठ, कापसाचा पिंजा बोटानं उचलून टाकतात. माग चालूच असतो. फणी खट आवाज करून मागे गेली की हात आत घालायचा आणि ती परत यायच्या आत बाहेर काढायचा. ठोक्याला हात आत सापडला की बोटाचा शेंडा गेलाच. तेव्हा ठोका म्हणजे हात लांब, आणि दोन ठोक्यांच्या मधली फट म्हणजे कामाची वेळ. ही अक्षरं शिकायच्या आधीची शिकवण. राजीचा हात ती विसरणार कसा?

परीक्षा झाली. मी शंभर ठोके दिले. राजीनं शंभर टिचक्या मारल्या. शंभरच्या शंभर दोन ठोक्यांच्या नेमक्या मधोमध. मास्तरांनी बेरीज केली आणि लिहिलं, शून्य.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही गणित शिकता. एखाद्या खरोखरच्या बुद्दू पोरानं डोळे झाकून डबा बडवला असता, तरी शंभरात पाच-दहा टिचक्या चुकून ठोक्यावर पडल्या असत्या. शंभरही हुकायच्या, आणि त्याही मधोमध, एकही इकडे नाही, तिकडे नाही, याला केवढी नजर लागते, केवढा कान लागतो! त्या कॅम्पातल्या कप्तानाच्या बायकोला आठ वर्षांत जमलं नव्हतं ते. अख्ख्या शाळेत माझा ताल त्या एका पोरीला कळला होता आणि तिला शून्य! मारुतीरावांनी शून्याकडे बघून भुवया उंचावल्या. क्षणभर मला वाटलं, आता विचारतील. 'का गं, मधे का मारतेस?' पाच शब्द. जिभेला काही भार पडला नसता. पण पुस्तकात विचारायला सांगितलं नव्हतं. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि तिच्या नावापुढे 'मंद' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तम्मण्णा आला. मास्तरांनी त्याला अगदी मायेनं समजावून सांगितलं, की मुलगी चांगली आहे, वळणाची आहे, पण बुद्धी बेताची, उगाच ओढाताण करू नका. तम्मण्णानं हात जोडले. राजी दाराशी उभी होती. ती रडली नाही. तिनं शाळेची पाटी पुसून चंपाच्या हातात दिली आणि बापाच्या मागोमाग फाटकाकडे गेली.

अकरा वर्षं मी कपाटावर पडून होतो. धूळ बसली, झाकणाला कीड लागली. माझी कुणी काळजी घेतली नाही याचं मला दुःख नाही. उलट ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत निष्पाप वर्षं.

पंचवीस साली राजी आली. आता ती राजाबाई झाली होती. लग्न विणकराच्याच घरात झालं होतं आणि आठ वर्षांच्या मुलीचं बोट हातात होतं. मुलीचं नाव गुणा. राजाबाई मास्तरांना म्हणाली, की मला तुम्ही मंद म्हटलंत, ते मी ऐकलं. मागं वळून बोलले न्हाय. पर ही तशी न्हाय, हिला बघा. मास्तरांना ती आठवली नाही. एवढ्या मुलांत कोण कुणाला आठवतं? पण त्यांना आनंद झाला, कारण त्याच आठवड्यात नवं पार्सल फुटलं होतं.

नवा संप्रदाय ऐकाल तर थक्क व्हाल. मन नावाची वस्तूच नाही! बारा वर्षांपूर्वी ज्या माणसानं पोरांना स्टुलावर बसवून 'आत बघा, आत बघा' म्हटलं, तोच आता वर्गात सांगू लागला, की आत काही नसतं, दिसतं ते वर्तन. रशियात कुत्र्यांना ठोका ऐकवून मग खायला देतात. पुढे पुढे नुसत्या ठोक्यानं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माणसालाही असंच घडवता येतं. विचारायचं काही नाही, सवय लावायची.

गुणाला डब्यापुढे बसवलं. मला पुसून किल्ली दिली. पोरगी आईचीच लेक, तिच्याही टिचक्या मधोमध पडू लागल्या. मास्तर खूश झाले, म्हणाले, वाईट सवय आहे, मोडून काढू. त्यांनी हातात लाकडी पट्टी घेतली. टिचकी फटीत पडली की पट्टी बोटांवर. जोरात नाही हं, असं ते स्वतःलाच सांगत. पण रोज. सोमवार ते शनिवार, तीन आठवडे. ठोका, पट्टी. ठोका, पट्टी. आणि तो ठोका कोण देत होतं? मी! मला हातपाय असते तर टेबलावरून उडी मारून स्वतःची काठी मोडून घेतली असती.

तीन आठवड्यांनी गुणानं टिचकी मारायचंच सोडलं. नुसता ठोका पडला, की तिचा उजवा हात झटका बसल्यासारखा मागे उडायचा. पट्टी टेबलावर असली तरी, मास्तर खिडकीशी उभे असले तरी. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'प्रतिक्रिया पक्की झाली. प्रयोग यशस्वी.'

आणि घरी काय झालं असेल? विणकराचं घर ते. दिवस उजाडल्यापासून खट, खट, खट. प्रत्येक खटला पोरीचा हात उडू लागला. हातातली कांडी पडायची, ताटातला घास पडायचा. राजाबाई दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. तिनं आरडाओरडा केला नाही. मास्तरांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हिला शिकवा म्हणून आणलती, मास्तर. मोडा म्हणून न्हवं."

मास्तर म्हणाले, ठोका बंद झाला की सवय आपोआप विरते, असं शास्त्र आहे. ठोका बंद! शहापुरात! साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आमच्या मास्तरांनी भुईतच साप सोडला आणि वर म्हणाले, जमिनीवर पाय ठेवू नका म्हणजे झालं. राजाबाईनं गुणाला घरी नेलं. शाळा सुटली ती सुटलीच.

सवय विरली नाही. पाच वर्षांत राजाबाईनं सगळे उपाय केले. दृष्ट काढली, वैद्याचं तेल चोळलं, यल्लम्माला नवस बोलली. तीस साली भर झडीत ती पुन्हा मास्तरांच्या दारात उभी राहिली. शेजारी तेरा वर्षांची गुणा होती. राजाबाई म्हणाली, "तुमी लावलंय, तुमीच काढा." यापेक्षा न्यायाचं बोलणं मी ऐकलेलं नाही.

मारुतीराव त्यांना आत घेऊन गेले. मला वाटलं, आता खाली मान घालतील. कुठलं काय! तोवर युरोपातल्या कुठल्या डॉक्टराचं पुस्तक येऊन पडलं होतं. आता मन परत आलं होतं आणि त्याला तळघर फुटलं होतं. वरवर दिसतं ते खोटं, म्हणे. खरं कारण तळघरात दडलेलं असतं आणि ते स्वप्नातून डोकावतं. मास्तरांनी गुणाला आरामखुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, की तुला स्वप्नं कसली पडतात? चला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसानं काहीतरी विचारलं. पण काय विचारलं?

गुणा म्हणाली, की मागाच्या खड्ड्यात पाणी भरतंय आणि बाबा आत बसलेत, असं दिसतंय. मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी राजाबाईला बाजूला घेऊन समजावलं, की खड्डा, पाणी, बाप, याचा अर्थ उघड आहे. मुलीच्या मनात बापाविषयी फार खोल राग दडलेला आहे. हाताचा झटका त्या रागाचा आहे.

आणि पट्टी? पट्टीचं काय, मास्तर? ती तुमच्याच टेबलाच्या खणात पडलेली होती, मी बघत होतो. स्वतःच्या हातानं लावलेली आग, आणि धूर शोधायला निघाले पोरीच्या बापाच्या घरात! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

राजाबाई म्हणाली, "मास्तर, आमचा माग खड्ड्यातला हाय. पाय आत सोडून बसावं लागतंय. झडीत खालनं पाणी लागतंय, गुडघ्याएवढं. तिचा बाबा त्या पाण्यात बसून इणतोय, छातीत कफ झालाय त्यास्नी. पोरीला बाबाची काळजी हाय. सपान न्हाय ते."

मास्तरांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'आई सत्य स्वीकारण्यास विरोध करते.' त्या वहीला आग लागावी असं मला वाटलं. गुणाचा बाबा दोन वर्षांनी त्या कफानंच गेला. राजाबाई स्वतः मागावर बसली. गुणाला बसवता येईना. मागावर बसणाऱ्याचा हात फणी ओढतो, धोटा फेकतो. तिचा हात प्रत्येक ठोक्याला पळून जायचा. शाळेनं तिला घेतलं नाही आणि मागानंही नाही. आणि विणकराच्या घरात मागाला दचकणारी सून कोण करून घेईल? बघायला आलेले लोक एकदा खट ऐकायचे, एकदा पोरीच्या हाताकडे बघायचे आणि पाणी पिऊन निघून जायचे.

एकेचाळीस साल. मारुतीराव निवृत्त होऊन मला घरी घेऊन आले होते, हातात काठी आली होती, पण पार्सलं थांबली नव्हती. आता आला समष्टीचा संप्रदाय. सुटे तुकडे मोजून काही कळत नाही, सगळी आकृती एकदम बघावी लागते, असं तो म्हणे. सुरांची बेरीज म्हणजे गाणं नव्हे. एके दिवशी मास्तरांनी मला किल्ली दिली आणि ऐकत बसले. मी सारखेच ठोके देतो, टक, टक, टक, पण माणसाचा कान त्यांच्या जोड्या लावतो, टिक-टॉक, टिक-टॉक. म्हणजे दोन ठोक्यांमधली शांतताही आकृतीचाच भाग! मास्तर ताडकन उठले. जुन्या वह्या काढल्या. 'शंभर टिचक्या, सर्व मध्ये.' त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि सत्तावीस वर्षांनी त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. मला आणखी चीड आली. कारण त्या माणसाला राजाबाई आठवली नव्हती, सिद्धांताचा पुरावा सापडला होता.

तडक मला पिशवीत घालून ते फाटक ओलांडून शहापुरात गेले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या शाळेपासून तो माग मैलभर सुद्धा नव्हता! काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा तरी किती लांब, जर्मनीला, रशियाला! राजाबाई खड्ड्यात पाय सोडून विणत होती. केस पिकले होते. मागच्या पडवीत गुणा रहाटावर कांड्या भरत होती. मागापासून जेवढं लांब बसता येईल तेवढी लांब. मास्तरांनी मला खड्ड्याच्या काठावर ठेवलं, माझा ठोका आणि मागाचा ठोका ताडून बघायला म्हणून किल्ली दिली आणि बोलायला सुरुवात केली.

राजाबाईनं माग थांबवला. पाहुणा आला म्हणून गुणा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तर बोलतच होते. फट म्हणजे काय, आकृती म्हणजे काय, पार्श्वभूमी म्हणजे काय. शेवटी म्हणाले, की राजाबाई, तुम्ही मंद नव्हता. मोजणीच चुकली होती. मी तसं माझ्या सहीनं लिहून देतो.

राजाबाई म्हणाली, "मास्तर, मी मधी का हात घालते, हे तवा मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. नऊ वर्साची होते, पर त्वांड होतं मला."

मास्तर म्हणाले, त्या वेळच्या शास्त्रात तशी पद्धत नव्हती.

"कागद ऱ्हाऊ दे," राजाबाई म्हणाली. "कुणाला दाखवू आता? बाबा गेले, आई गेली. हिच्या हाताचं काय करता, ते सांगा."

मास्तरांनी हळूच पुन्हा सुरुवात केली, की समग्र दृष्टीनं बघितलं तर हाताचा प्रश्नसुद्धा... ते बोलत राहिले, बोलत राहिले. तेवढ्यात गुणा भिंतीपासून पुढे झाली. चोवीस वर्षांची बाई ती. तांब्यातलं निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं होतं. ती मास्तरांना म्हणाली,

"आदी ते बंद करा."

मी चालू होतो, मित्रांनो. माग थांबला, पण मी थांबलो नव्हतो. तो सगळा वेळ, ते शास्त्र, ती कबुली, तो कागद, सगळं चाललं असताना मी टक, टक, टक करत होतो आणि प्रत्येक टकला त्या पोरीचा हात उडत होता, पाणी सांडत होतं. समग्र आकृती बघणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही. मला दिसत होतं. आणि मी ठोके देत होतो.

मास्तरांनी घाईनं माझी काठी धरली. राजाबाई खड्ड्यातून वर आली. तिनं मला उचललं, कुशीतली किल्ली उपसून काढली आणि कनवटीला लावली. म्हणाली, पेटी न्या, किल्ली हितं ऱ्हाईल. मास्तर गुणासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "काय होतं गं तुला?"

सोळा वर्षांनी. गुणानं आधी तांब्या खाली ठेवला. मग बोलायला लागली. मास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. राजाबाईनं नुसतं बघितलं, आणि हात परत आला. गुणा काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते तिचं आहे. तिच्या परवानगीवाचून तिच्या मनातलं बाहेर काढणारे पुष्कळ झाले.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या माघारी सामानाबरोबर मी पुन्हा त्याच शाळेच्या कपाटावर आलो. गुणा मागावर बसली की नाही, मला माहीत नाही. तिला कुणी सुखानं नांदवलं की नाही, तेही माहीत नाही. मला कुणी येऊन सांगत नाही, आणि विचारायचं तोंड मला नाही. गेल्या आठवड्यात एका नव्या मास्तरांनी मला खाली काढलं, फुंकर मारली आणि शिपायाला सांगितलं, घड्याळजीकडून याला नवी किल्ली करून आणा. आता देश आपला झाला, आपल्या मुलांची बुद्धी आपण नीट मोजू, असं ते म्हणत होते. चांगला माणूस वाटतो. मारुतीरावही चांगलेच होते.

म्हणून तुम्हाला सांगतो. मला तेल नको, पॉलिश नको, काचेचं कपाट नको. उद्या तुमच्यातलं कुणी मास्तर होईल, मास्तरीण होईल, तुमच्या टेबलावर माझ्यासारखी किंवा माझ्याहून हुशार एखादी पेटी असेल. समोरचं पोर शंभरदा चुकलं, तर टाक उचलू नका. आधी पेटी बंद करा. मग त्या पोराला विचारा, 'का रे?', 'का गं?' आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.